माप कोणाच्या हाती? पंढरपूरच्या स्वयंपाकघरातील हिशेबाचा इतिहास

१/ पंढरपूरचा इतिहास म्हटला की मंदिर, संतपरंपरा आणि वारी डोळ्यांसमोर येते. या थ्रेडमध्ये आपण महाद्वारापासून जरा बाजूला, तिथल्या घरांच्या स्वयंपाकघरात जाणार आहोत. तुटपुंज्या पैशांत घरातील सर्वांना वर्षभर जेवू घालण्याचा हिशेब कोण मांडत होते, कसा मांडत होते, आणि ‘माणसाला पुरेसे अन्न म्हणजे किती’ हे ठरवण्याचा अधिकार कोणाकोणाच्या हाती गेला, हा आपला विषय. 🧵

२/ सुरुवात घरापासून करतो. पंढरपुरात आमच्या आजीच्या फडताळात एक पत्र्याचे मापटे होते. किराणा किलोने येई, पण भाकरीचे पीठ ती कधीच वजनाने घेत नसे. ‘किती माणसं जेवायला?’ एवढे विचारून ती मापटे बुडवी. पीठ उरत नसे आणि कमीही पडत नसे. एम.ए.ला आर्थिक इतिहास शिकू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की, ज्याला आपण ‘अंदाज’ म्हणतो ती एक पूर्ण मोजमापपद्धती होती.

३/ ती पद्धती अशी : दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. पुढे मण आणि खंडी. मणाच्या पायल्या मात्र सर्वत्र सारख्या नसत. कुठे १२, तर कुठे १६. ही मापे वजनाची नव्हेत, आकारमानाची. प्रत्येक पायरीवर दुप्पट, नाहीतर अर्धे. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही घरातील माणसे वाढली वा घटली तर हिशेब चटकन बदलता येई.

४/ या मापांत एक खाचही होती. माप काठोकाठ भरल्यावर वर धान्याचा जो निमुळता ढीग राहतो, त्याला शीग म्हणतात. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण म्हणतो ते याच शिगेवरून. वाणी घेताना शीग लावून घेतो की सपाट, आणि देताना कसे देतो, यावर गरीब घराचे दोन दिवसांचे जेवण अवलंबून असे. म्हणूनच बाजारात माप भरताना हाताकडे पाहणे हे गृहिणीचे पहिले कसब होते.

५/ आता धान्य. सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा मुलूख. पंढरपूरच्या शेजारी मंगळवेढ्याची काळी जमीन आहे. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. म्हणजे इथल्या स्वयंपाकघराचे आर्थिक वर्ष शिमग्याच्या सुमारास सुरू होई आणि पुढच्या शिमग्यापर्यंत एकाच पिकावर काढावे लागे.

६/ मासिक बजेट ही नोकरदारांची कल्पना आहे. पगार महिन्याने येतो म्हणून खर्चही महिन्याने मोजला जातो. ज्वारीच्या मुलखातील बजेट वार्षिक असे. कष्टकरी घरात माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले, तरी पाच माणसांना वर्षाला सुमारे नऊ क्विंटल लागते. हे धान्य पेवात, कणगीत वा वाड्यातील बळदात भरायचे, कडुनिंबाचा पाला घालून किडीपासून जपायचे आणि बियाण्याचा वाटा आधीच वेगळा काढायचा. उपासमार झाली तरी बियाण्याला हात लावायचा नाही, हा या अर्थसंकल्पातील सर्वांत कठोर नियम.

७/ पंढरपूर मात्र केवळ शेतीचे गाव नव्हते. यात्रेकरूंना घरी उतरवून घेणारे, चुरमुरे-बत्तासे, कुंकू-बुक्का विकणारे, देवळाच्या सेवेवर जगणारे अशी कितीतरी घरे इथे होती. त्यांची मिळकत चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी अशा चार वाऱ्यांभोवती एकवटलेली. चूल मात्र बारा महिने पेटवायची. चार वेळा येणारा पैसा ३६५ दिवसांवर पसरणे, हे या गावातल्या गृहिणीचे खास कोडे.

८/ पीकचक्र आणि वारीचक्र शेजारी ठेवून पाहा. चैत्री वारी येते तेव्हा नवी ज्वारी बाजारात असते. हाती पैसा आणि धान्य स्वस्त, म्हणजे वर्षाचा साठा करण्याची वेळ हीच. आषाढीची मिळकत पावसाळ्याच्या तोंडावर येते. कार्तिकीला शेतात पेरणी झालेली असते आणि कणगी निम्म्याहून खाली गेलेली. माघीला तर कणगीचा तळ दिसू लागतो आणि नवे पीक अजून उभेच असते. ज्याला चैत्रात साठा करणे जमले नाही, त्याला माघात चढ्या भावाने शेरा-दोन शेरांनी विकत घ्यावे लागे. गरिबाला अन्न महाग पडते ते असे.

९/ साठा कमी पडला की स्वयंपाकच बदलत असे. भाकरीऐवजी ज्वारीच्या पातळ कण्या किंवा अंबील. डाळ महागली तर हुलग्याचे माडगे. आमटीला दाटपणा यावा म्हणून भाजलेली धान्ये आणि मसाला दळून केलेला येसूर. पाहुणे वाढले की पाण्याबरोबर तोही वाढे. आज हे पदार्थ ‘पारंपरिक चव’ म्हणून हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतात. मुळात त्यांतले बरेचसे टंचाईच्या हिशेबाची उत्तरे आहेत.

१०/ या व्यवस्थेला सर्वांत मोठा हादरा बसला तो १८७६ मध्ये. पाऊस फसला, खरीप गेले आणि रब्बीही गेली. लोहमार्ग सोलापूरपर्यंत १८६० सालीच पोहोचला होता, त्यामुळे बाहेरून धान्य येऊ शकत होते. पण धान्य येणे वेगळे आणि ते विकत घेण्यापुरता पैसा हाती असणे वेगळे. पीक बुडाले म्हणजे शेतमजुराची मजुरीही बुडते, आणि भाव त्याच वेळी चढतात. वर्षाचा हिशेब मोडला आणि रोजच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला.

११/ सरकारने दुष्काळी कामे काढली. माढा-पंढरपूरच्या परिसरातील आष्टीचा तलाव हे त्या काळातलेच काम. या कामांवर मजुरी किती द्यायची? इथे आपल्या कथेत एक नवे पात्र येते : सर रिचर्ड टेंपल. व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने दुष्काळी खर्चावर नजर ठेवण्यासाठी त्यांना पाठवले, आणि जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी मजुरीचा नवा दर सुचवला. दिवसभराच्या कष्टासाठी पुरुषाला एक पौंड धान्याच्या किमतीएवढे पैसे आणि वर एक आणा. स्त्रियांना व मुलांना त्याहून कमी.

१२/ एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. आजीच्या भाषेत साधारण पाच भाकऱ्या. ज्वारीचे ऊर्जामूल्य पाहता हे सुमारे १६०० कॅलरी होतात. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाची गरज आजचे भारतीय आहारतज्ज्ञ साडेतीन हजारांच्या आसपास धरतात. उरलेल्या एका आण्यात मीठ, मिरची, डाळ, सरपण आणि काम न करू शकणाऱ्या म्हाताऱ्या-तान्ह्यांचे पोट. हा हिशेब कोणत्याही गृहिणीला दाखवला असता, तर तिने तो तिथेच फेटाळला असता.

१३/ तो फेटाळलाही गेला. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी दीड पौंड धान्य आणि शिवाय डाळ-भाजी हवी, असे ठामपणे मांडले. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कमी मजुरीवर राबण्यास नकार देऊन कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली. आपल्याकडच्या राजकीय चळवळीचा एक उगम ‘माणसाला किती धान्य पुरते’ या घरगुती प्रश्नात आहे, हे विसरता कामा नये.

१४/ मद्रास सरकारने मार्च १८७७ मध्ये शिधा थोडा वाढवला : सव्वा पौंड धान्य आणि दीड औंस डाळ. पण तोवर फार उशीर झाला होता. १८७६-७८ च्या या दुष्काळात भारतभर किमान पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असे अभ्यासकांचे अंदाज सांगतात. टेंपल मात्र १८७७ मध्येच मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

१५/ पंढरपुरात या काळाची एक जिवंत खूण आहे. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाशी संबंधित असलेले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने इथे टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू झाला. मूल टाकण्यामागे बहुधा विधवांवरील सामाजिक बंधने असत. पण दुष्काळात जेव्हा घरातील धान्याचा भागाकारच जुळेनासा होतो, तेव्हा आईबापांपुढे कोणते पर्याय उरतात, हेही अशा संस्थांकडे पाहताना ध्यानात घ्यावे लागते.

१६/ दुष्काळानंतर आयोग नेमला गेला आणि त्यातून फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळाचे नियमपुस्तक, तयार झाले. कोणाला किती धान्य, हे आता छापील कोष्टकात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी याच नियमांची माहिती मराठीत गावोगावी पोहोचवली : कायद्याने तुमचा एवढा हक्क आहे, तो मागा. सरकारने हाती घेतलेले माप लोकांनी सरकारलाच दाखवले.

१७/ आणखी एक तुलना. १९२३ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांचा मुंबईतील कामगार कुटुंबांच्या खर्चाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष गाजला : कामगाराच्या पोटात जाणारे धान्य फॅमिन कोडच्या कमाल मर्यादेइतके होते, पण तुरुंगातील कैद्याला ठरवून दिलेल्या आहारापेक्षा कमी. पुढे त्याच दशकात सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाचीही अशीच पाहणी झाली. आजूबाजूच्या खेड्यांतून गिरणीत गेलेल्या माणसांच्या ताटाचा पहिला तपशीलवार लेखी हिशेब आपल्याला इथे भेटतो.

१८/ स्वातंत्र्यानंतर मापेही बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. ८० तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. तेव्हा शेराच्या जागी किलो आला तर भाव किती वाढायला हवा आणि वाण्याने किती वाढवला, हे गणित घरोघरी मांडले गेले असणार. आजीचे मापटे फडताळात राहिले ते बहुधा याचसाठी. नव्या मापावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

१९/ मग १९७२. पुन्हा सोलापूर जिल्हा होरपळला. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळू लागली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मालदांडीची पांढरीशुभ्र भाकरी खाणाऱ्या मुलखाने मिलोची तांबडी भाकरी गिळली. आजी त्याविषयी एकच वाक्य बोलत असे : ‘पोट भरायचं, मन नाही.’ पण १८७७ आणि १९७२ यांत एक फरक होता. या वेळी कामाच्या मागणीला पुढे हक्काचे रूप मिळाले आणि महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला.

२०/ आता मूळ प्रश्नाकडे. टेंपल यांचा एक पौंड अभिलेखागारात सापडतो. फॅमिन कोडची कोष्टके आणि कामगार कार्यालयाचे तक्तेही सापडतात. ज्या बायकांनी शंभर वर्षे चार वाऱ्यांच्या पैशांत बारा महिने चूल पेटती ठेवली, त्यांचे हिशेब मात्र कुठेच नोंदलेले नाहीत. शिवाय या हिशेबातली शेवटची तूट कोणाच्या ताटातून भरून काढली जाई, तेही लिहिलेले नाही. सर्वांना वाढून झाल्यावर जेवायला बसणारी जी, तिच्या. आजीचे ‘कमी पडत नसे’ यातही तिच्या स्वतःच्या भाकरीची गणना होती का, हे मी तिला कधी विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

२१/ म्हणून एक विनंती. घरात जुनी किराण्याची वही, रेशनकार्ड, उधारीची चिठ्ठी, मापटे वा चिपटे असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि तारीख-गाव लिहून ठेवा. आजी-आजोबा असतील, तर १९७२ मध्ये घरात रोज किती भाकऱ्या होत होत्या आणि शेवटी कोण जेवत होते, हे आजच विचारा. ही इतिहासाची अस्सल साधने आहेत. मिळालेली माहिती खाली जरूर लिहा. पुढचा थ्रेड तुमच्या नोंदींवर लिहीन. 🙏