बोध, रहस्य आणि श्रोता: कपिलधारच्या परंपरेसंबंधी

मराठी समीक्षेत 'बोधवादी' हे विशेषण बहुधा दूषण म्हणूनच वापरले गेले आहे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकर वादात दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. पण बोध ही लेखकाने कलाकृतीत घालावयाची किंवा तीतून वगळावयाची एक वस्तू आहे, हे गृहीत दोघांचेही होते. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथानंतर तर लय आणि आकृती यांच्या चर्चेत बोधाला स्थानच उरले नाही. मम्मटाने उपदेशाची गणना काव्यप्रयोजनांत केली होती. रोमन कवी होरेसनेही उपदेश आणि रंजन यांची सांगड घातली होती. मात्र हे सारे विवेचन देणाऱ्याच्या बाजूने झालेले आहे. घेणारा त्या बोधाचे काय करतो, कोठे बसून तो ऐकतो, किती वेळा ऐकतो, हे प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरच राहिले. ते कक्षेत आणावयाचे तर कपिलधारसारख्या ठिकाणाकडे वळावे लागते.

बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळच्या बालाघाटाच्या डोंगरात धबधब्याच्या सान्निध्यात हे क्षेत्र आहे. येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधीवरील हे वीरशैव संतकवी माणूरच्या मठाचे अधिपती होते. वीरशैवांचे शास्त्र संस्कृतात आणि वचने कन्नडात, अशा स्थितीत त्यांनी अभंग आणि ओवी या मराठीतल्या रुळलेल्या छंदांचा आश्रय केला. त्यांचा 'परमरहस्य' हा ग्रंथ शिव-पार्वती संवादाच्या चौकटीत गुरू, लिंग, जंगम, विभूती, रुद्राक्ष इत्यादी अष्टावरणांचे निरूपण करतो.

संवादाची ही चौकट आगमांपासून चालत आलेली असल्यामुळे अभ्यासक तिची नोंद घेतात आणि पुढे जातात. परंतु तिच्यातील नात्याकडे लक्ष दिले पाहिजे. मम्मटाच्या मते काव्य कांतेप्रमाणे उपदेश करते; म्हणजे शिकविणारी प्रिया आणि शिकणारा पुरुष. येथे प्रिया विचारते आणि पती सांगतो. वरवर पाहता ही श्रेणी अधिक कठोर झाली. तथापि विवेचन पुढे सरकते ते पार्वतीच्या शंकेमुळे. श्रोत्याला जे विचारावयाचे धैर्य होत नाही, ते तिने विचारलेले असते. स्त्रियांनाही इष्टलिंगाची दीक्षा देणाऱ्या संप्रदायात विचारणारी स्त्री असणे, याला रूढ संकेतापलीकडे काही अर्थ आहे असे मानण्यास जागा आहे.

याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, बोधाची आणखी दोन रूपे आढळतात. ज्यांची समाधी तेथे दाखविली जाते त्या मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'त (परंपरेनुसार इ. स. ११८८) गुरुशिष्यसंवाद आहे. मन्मथस्वामींचे जवळपास समकालीन असलेल्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) तर पंचीकरणाचा विषय कापडावर आकृत्यांसह लिहून काढला. ही 'पासोडी' म्हणजे वाचणाऱ्याबरोबर पाहणाऱ्यासाठीही रचलेला ग्रंथ होय. विषय अमूर्त, पण तो पोहोचविण्याची काळजी मूर्त. या काळजीतून रूपबंध निर्माण होतो, ही गोष्ट 'आशय आणि अभिव्यक्ती' या ठरीव जोडीत बसत नाही.

'परमरहस्या'च्या बाबतीत पेच अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तो ग्रंथाच्या नावातच आहे. रहस्य म्हणजे गुरूने अधिकारी शिष्याच्या कानात सांगावयाची गोष्ट. ती देशभाषेत, ओवीत बांधली की ती मंडपातल्या कोणाच्याही कानावर पडणार. गुप्ततेचा दावा आणि प्रकटतेचे माध्यम यांचा हा विरोध ग्रंथकाराने मिटविलेला नाही. परंपरेने तो वाटून घेतला. दीक्षा गुरूकडे राहिली, निरूपण मात्र सार्वजनिक झाले. मराठवाड्यातील गावोगावच्या अखंड शिवनाम सप्ताहांत 'परमरहस्या'चे पारायण होते आणि त्याच्या जोडीला शिवकीर्तन असते. पारायणात ग्रंथ अर्थासाठी थांबत नाही. कीर्तनात तो थांबतो, दृष्टान्ताकडे वळतो, हशा पिकवतो आणि पुन्हा मूळ पदावर येतो. वैद्यकाचे शिक्षण घेतलेले अहमदपूरकर शिवलिंग शिवाचार्य महाराज (मृत्यू २०२०) यांनी या कीर्तनपरंपरेला आधुनिक काळात मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला.

रंजन हे बोधाभोवतीचे साखरेचे वेष्टन आहे, ही उपमा येथे अपुरी पडते. कीर्तनातले रंजन म्हणजे समूहाने एका वेळी लक्ष देण्याची तयारी होय. शेजारच्या भागवत परंपरेत तर खेळही या कामी आले: एकनाथांनी आणि तुकारामांनी फुगडी, हुतुतू यांसारख्या खेळांवर पदे रचली. फुगडीत तोल एकट्याने सांभाळता येत नाही, हे खेळणाऱ्याच्या अंगाला आधीच ठाऊक असते. पद त्या ठाऊक गोष्टीला नवे नाव देते. शिकविणे म्हणजे अज्ञाताचे दान, या समजुतीला हा चांगला छेद आहे.

मन्मथस्वामींच्या रचनेत अशी खेळकर मोकळीक क्वचितच भेटते, हे मान्य केले पाहिजे. अष्टावरणांची गणना, विधिनिषेध, फलश्रुती यांचे विस्तार एकांतात वाचणाऱ्याला रुक्ष वाटतात. सांप्रदायिक अभ्यासक हा रुक्षपणा नाकारतात आणि साहित्यसमीक्षक त्याच कारणाने ग्रंथ बाजूला ठेवतात. दोघेही ग्रंथ मुक्याने वाचतात, हे त्यांच्यातील साम्य. गणना ही स्मरणाची सोय आहे. आठ आवरणे, पाच आचार, सहा स्थले हा ज्यांच्या हाती पोथी नव्हती त्यांच्यासाठी बोटांवर मोजण्याचा अभ्यासक्रम होता. भक्तस्थलापासून ऐक्यस्थलापर्यंतचा क्रम तर उघडच इयत्तांचा आहे. फरक इतकाच की, येथे शेवटच्या इयत्तेत शिकणारा आणि शिकण्याची वस्तू असे वेगळेपण उरत नाही.

वाङ्मयेतिहासांनी वीरशैव मराठी रचनेला महानुभाव आणि वारकरी प्रवाहांनंतरचे एखादे उपप्रकरण दिले. याचे एक कारण प्रादेशिक आहे. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी वाङ्मयाचा आधुनिक इतिहास मुंबई-पुण्याच्या विद्यापीठीय वर्तुळांत घडत होता, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. त्या मधल्या काळात जे श्रोते सप्ताहांत ओव्या ऐकत होते, त्यांचे ऐकणे कोणत्याही वाङ्मयीन पुराव्यात जमा झाले नाही. पोथ्यांच्या प्रती मोजता येतात; किती जणांना त्यांतला कोणता भाग मुखोद्गत होता आणि कोणत्या ओवीवर कीर्तनकार हमखास थांबत, हे नोंदविण्याची पद्धतच समीक्षेपाशी नव्हती. कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला पायी येणाऱ्या दिंड्यांत अशी माहिती असणारी वयोवृद्ध माणसे अजून भेटतात.