मुंबई–लंडन : एका अंतराची कुळकथा

मुंबईहून लंडन किती लांब? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर सुमारे 7,200 किलोमीटर. पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन अशा मुलखांवरून हा दोरा जातो. पण विमानाला तो धरून जाऊ देतं कोण?

30 मार्च 1929 रोजी इम्पीरिअल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत हवाई सेवा सुरू केली. मुंबईचा त्यात पत्ताच नव्हता. वेळापत्रकात प्रवास सात दिवसांचा, रात्रीचे मुक्काम धरून. त्यातही ब्रिटिश विमानांनी फ्रान्सकडून आपल्या हद्दीत यायचं नाही, असा इटलीचा हट्ट. म्हणून उतारूंना बाझेलला उतरवून आगगाडीने जिनोव्हाला नेत, तिथून उडती बोट भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रियाला जाई. विमानाचं तिकीट काढायचं आणि आल्प्स ओलांडायचा रेल्वेने! पुढचा टप्पा इराणच्या किनाऱ्याने होता. 1932 मध्ये इराणनेही दार लावलं, तेव्हा मार्ग आखाताच्या अरबी किनाऱ्यावर हलवावा लागला. शारजाच्या वाळवंटात उतारूंसाठी किल्ल्यासारखं विश्रामगृह उभं राहिलं, ते त्यामुळे.

कराचीपुढची कडी जोडली जे. आर. डी. टाटांनी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी लंडनहून आलेली टपाल घेऊन ते एका इंजिनाच्या पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याला. मुंबईची हवाई टपाल चार महिने पुण्याच्या भरवशावर, ही गोष्ट पुणेकरांनी फारशी मिरवलेली नाही, याचं नवल वाटतं.

8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ 35 उतारू घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. हे थांबे मुख्यतः इंधनासाठी. त्या चार पंख्यांच्या कॉन्स्टेलेशन विमानाला ते अंतर एका दमात झेपणारं नव्हतं. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि दिवसांचा हिशेब कायमचा तासांवर आला.

आता थेट विमानाला नऊ-दहा तास लागतात. परतताना साधारण तासभर कमी, कारण उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात. यंत्रांनी आपलं काम चोख केलं आहे. सरकारांचं तसं म्हणता येत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद झालं, आणि 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून मज्जाव केला. त्यांची विमानं मग अरबी समुद्रावरून वळसा घेऊ लागली. तेव्हा लंडनचं तिकीट काढाल, तर विमान कुठल्या देशाच्या कंपनीचं आहे आणि किती तास घेणार आहे, हे दोन्ही आधी पाहून घ्या.