पाथर्डी तालुक्यातील फुलशेती
अहिल्यानगर जिल्ह्यातील या अवर्षणप्रवण तालुक्यात फुलांचा हिशेब सणांवर बसतो. नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर भाविकांची रीघ लागते, दसऱ्याला घरोघरी झेंडू हवा असतो. रोपे मात्र दोन-अडीच महिने आधीच लावावी लागतात. झेंडूखेरीज, दांड्यासह विकायला अ‍ॅस्टर सोयीचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले गणेश’ वाण त्यात नावाजलेले. निशिगंधाचा दांडा खालच्या एक-दोन कळ्या उमलताच, ऊन चढण्याआधी कापून लगेच पाण्यात उभा करतात. खरी कसोटी या तोडणीतच आहे. १०-२० गुंठ्यांना ठिबक पुरते, पण तोडणीला घरची माणसे लागतात. दसऱ्याच्या तोंडावर सर आली, तर भिजलेला झेंडू पाटीत तापून कुजतो. म्हणून तो सावलीत पसरून, पाणी निथळल्यावरच भरतात.