नाव हरिणाचे, वजन हत्तीचे

ज्याच्या दारी हत्ती झुलतो तो मोठा, असे आपल्याकडे पूर्वापार मानीत आले आहेत. मात्र हत्ती झुलताना पाहणारे निराळे आणि त्याच्यापुढे रोज चारा टाकणारे निराळे! संस्थानिकांचे हत्ती गेले, त्यांच्या जागी मोटारी आल्या. तरी झूल आणि चारा यांचा हिशेब काही सुटला नाही. हा हिशेब एकदा अमेरिकेत लाखो घरांना एकाच वेळी मांडावा लागला. त्याचीच ही हकीकत.

हकीकतीची नायिका शेव्हरोलेची इंपाला. शेव्हरोले हे नाव मुंबईकरांना परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता आणि १९५४ साली तो बंद होईपर्यंत शेव्हरोले गाड्यांची जुळणी तेथे होत असे. इंपाला जन्मली ती त्यानंतर, १९५८ साली, अमेरिकेत. इंपाला म्हणजे आफ्रिकेतले एक सडपातळ, चपळ हरीण. नाव मोठे हौसेने ठेवले. पण पोरीचे अंग वर्षागणिक भरू लागले. जन्मवर्षी तिचे वजन सुमारे ३,५०० पौंड, म्हणजे सोळाशे किलोंच्या आसपास होते. १९७६ साली ते ४,२०० पौंडांच्या घरात, म्हणजे एकोणीसशे किलोंवर गेले. लांबी साडेअठरा फूट झाली. तरी कोणी तक्रार केली नाही. पेट्रोल स्वस्त होते, रस्ते रुंद होते आणि १९६५ या एका वर्षात दहा लाखांवर इंपाला खपल्या होत्या. लांब गाडी म्हणजे मोठी गाडी आणि मोठी गाडी म्हणजे मोठा माणूस, हे समीकरण पक्के बसले होते.

ते समीकरण १९७३ च्या ऑक्टोबरात मोडले. अरब देशांनी अमेरिकेचे तेल अडविले. पिंपामागे सुमारे तीन डॉलर असलेला भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या आसपास गेला. पेट्रोलपंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. १९७४ च्या जानेवारीत हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घालणारा कायदा झाला. ज्या गृहस्थाने आयुष्यात कधी ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ असे विचारले नव्हते, तो आता काटा पाहून घराबाहेर पडू लागला. १९७५ च्या डिसेंबरात अध्यक्ष फोर्ड यांनी आणखी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींची सरासरी १९७८ साली गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत साडेसत्तावीस मैल झाली पाहिजे, असे त्याने ठरविले. आपल्या भाषेत सांगायचे तर लिटरला साडेसात किलोमीटरांवरून पावणेबारा!

हे साधायचे कसे? येथे थोडे पदार्थविज्ञान आड येते, पण ते बैलगाडी हाकणाऱ्यालाही ठाऊक असते. भरलेली गाडी जागची हलविताना बैलांचा जीव जातो. एकदा चालू लागली की ओझे तितके जाणवत नाही. मोटारीचेही तसेच. दर सिग्नलला थांबायचे आणि पुन्हा वेग घ्यायचा, यात इंधन जाते ते मुख्यतः वजनापायी. ब्रेक लावला की ती सारी मेहनत उष्णता होऊन उडून जाते. चाकांचे रस्त्याशी होणारे घर्षणही वजनाबरोबर वाढते. हमरस्त्यावर मात्र शत्रू बदलतो. तेथे भांडण वाऱ्याशी, आणि वाऱ्याला गाडीच्या वजनाशी कर्तव्य नसते. तो पाहतो गाडीचा आकार आणि वेग. म्हणून जड गाडीची खरी उधळपट्टी शहरात दिसते. वजन दहा टक्क्यांनी घटले तर इंधनात साधारण सहा ते आठ टक्के फायदा होतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. शिवाय अंग हलके झाले की धाकटे इंजिन पुरते, आणि धाकटे इंजिन पेलायला सांगाडाही हलका चालतो. बचतीच्या पोटी बचत जन्मते.

जनरल मोटर्सने १९७७ च्या गाड्यांत नेमके हेच केले. इंपाला आणि तिची थोरली बहीण कॅप्रिस यांची लांबी दहा इंचांहून अधिक कापली, रुंदीही कमी केली, आणि वजन सहाशे पौंडांहून अधिक उतरविले. आदल्या वर्षी आठ सिलिंडरांशिवाय जिचे पान हलत नव्हते, तिला आता सहा सिलिंडरांचे इंजिन चालू लागले. गंमत अशी की, उंची थोडी वाढविल्यामुळे आत बसणाऱ्याच्या डोक्यावरची जागा उलट वाढली, सामानाचा कप्पाही मोठा झाला. म्हणजे इतकी वर्षे लोक जे पोशीत होते, ते बसण्याची जागा नव्हतीच. ती नुसती झूल होती!

आणखी एक मौज झाली. त्याच कंपनीची शेव्हेल ही मध्यम आकाराची गाडी त्या वर्षी जुन्याच अंगाची राहिली होती. त्यामुळे १९७७ साली दुकानात ‘मोठी’ आणि ‘मध्यम’ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, तर दोघींच्या चाकांमधले अंतर सारखेच, ११६ इंच, आणि वजनही जवळजवळ तेवढेच! थोरली आणि मधली यांत फरक उरला तो नावाचा आणि आतल्या ऐसपैसपणाचा. पुढच्या वर्षी मधलीनेही अंग उतरविले, तेव्हा कुठे घरातली पायरी पुन्हा लागली. अमेरिकन सरकारही सेदान मोटारीची वर्गवारी वजनावर करीत नाही. माणसांची आणि सामानाची जागा मिळून १२० घनफूट किंवा अधिक भरली तर मोठी, ११० ते १२० मध्ये असली तर मध्यम.

हा जुगार होता. फोर्ड कंपनीने त्या दोन वर्षांत आपली एलटीडी गाडी जुन्याच आकाराची ठेवली आणि तिच्या मोठेपणाची जाहिरात केली. पण ‘मोटर ट्रेंड’ या मासिकाने १९७७ ची सर्वोत्तम गाडी म्हणून कॅप्रिसचा गौरव केला, गिऱ्हाइकांनीही पाठ फिरविली नाही, आणि १९७९ साली फोर्डलाही तीच वाट धरावी लागली. त्याच वर्षी इराणच्या क्रांतीमुळे तेल पुन्हा भडकले.

तथापि या काटकसरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हलकी गाडी भारी गाडीवर आदळली की मार हलकीतल्या माणसांना बसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००२ साली असा निष्कर्ष काढला की, गाड्या लहान आणि हलक्या झाल्यामुळे १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० जादा मृत्यू झाले असावेत. समितीतल्या दोघा सभासदांना हे पटले नाही आणि त्यांनी तसे लेखी नोंदविले. रस्त्यावरच्या साऱ्याच गाड्या एकदम हलक्या होत नाहीत, हीच यातली अडचण. शेजाऱ्याने हत्ती ठेवला की आपल्या हरिणाची धडगत नसते.

पुढे काय झाले ते मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. १९८० नंतरच्या दशकात तेल उतरले, कायद्याची दोरी काही वर्षे सैल झाली. मालवाहू गाड्यांना नियम सौम्य होते, त्या वाटेने उंच, दणकट गाड्या घराघरांत शिरल्या. अमेरिकेतल्या नव्या गाडीचे सरासरी वजन १९७५ साली सुमारे ४,०६० पौंड होते, १९८० नंतर ते ३,२०० पर्यंत उतरले आणि आता ४,३०० च्या वर गेले आहे. इतके असूनही आजची गाडी १९७५ च्या दुप्पट अंतर जाते, हे इंजिन घडविणाऱ्यांचे कौतुक. पण त्यांनी मिळविलेल्यातला बराच वाटा पुन्हा वजनाच्या तोंडी गेला, हेही तितकेच खरे.

इंपालाने एकदा आपले नाव सार्थ करून दाखविले होते. घरातली सारी माणसे त्याच गाडीत, पूर्वीपेक्षा ऐसपैस बसून, कमी पेट्रोलात गावाला जात होती. कोणाचेही काही उणे झाले नव्हते. गेला होता तो दारातल्या हत्तीचा तोरा, आणि तोच लोकांनी पुन्हा मागून घेतला.