पवित्रस्थानाची शुद्धी
अंतिम न्यायाची तिथी ठरविण्याच्या ख्रिस्ती इतिहासात न्यूयॉर्क प्रांतातील शेतकरी-उपदेशक विल्यम मिलर याचे प्रकरण अनुवादकाने विशेष ध्यानी ठेवावे असे आहे. २३०० दिवसांनी पवित्रस्थानाची शुद्धी होईल, असे दानीएलाच्या ग्रंथात भाकीत आहे. दिवस म्हणजे वर्षे आणि पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, असा अन्वय लावून त्याने इ. स. पूर्व ४५७ पासून गणना केली; अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस मुक्रर केला. काहींनी तर शेतातले पीकही काढले नाही. दिवस उलटला. पुढे ज्यांतून ॲडव्हेंटिस्ट पंथ निघाला त्यांनी गणित राखले, शब्दार्थ बदलला: पवित्रस्थान स्वर्गातले, आणि न्याय तेथे सुरू झालेला! गंमत अशी, की 'शुद्धी' हा अर्थ ग्रीक व लॅटिन अनुवादांच्या वाटेने इंग्रजीत आला. मूळ हिब्रू क्रियापदाचा धातू 'न्याय्य ठरणे' या अर्थाचा आहे. मिलरला हिब्रू येत नव्हती. इंग्रजी बायबल आणि त्याची शब्दसूची, एवढीच त्याची सामग्री.