क्लोफाझिमीन

कुष्ठरोगावरील लाल रंगाचे औषध. मूळ सांकेतिक नाव बी ६६३. आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्रयोगशाळेत, व्हिन्सेंट बॅरी (१९०८–७५) व सहकाऱ्यांनी ते १९५४ मध्ये तयार केले. बॅरी मुळात समुद्रशैवालातील लॅमिनॅरिन या नैसर्गिक बहुवारिकाची रचना उलगडणारे रसायनज्ञ. क्षयावर औषध शोधताना ते दगडफुलातील (आपल्या गोड्या मसाल्यातल्या जिनसेच्या जातकुळीतील) संयुगांकडे वळले आणि अखेर या रंजकापाशी पोचले. उंदरांचा क्षय त्याने आटोक्यात आला. गिनीपिगमध्ये मात्र पदरी निराशाच. औषध मागे पडले, ते १९६२ मध्ये नायजेरियातील कुष्ठरुग्णांना गुण आल्यावर पुन्हा पुढे आले. ते जंतूंना आवर घालतेच, शिवाय प्रतिक्षमता बिथरून अंगावर उठणाऱ्या दुखऱ्या गाठींचा दाहही शमवते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन व डॅप्सोन यांच्या जोडीला ते घेण्याची शिफारस केली. प्रौढांना महिन्यातून एकदा ३०० मिग्रॅ., एरवी रोज ५० मिग्रॅ. अशी मात्रा असते. हे औषध चरबीत साठते. त्यामुळे कातडी तांबूस-काळी पडते, घामालाही रंग चढतो. आजार लपवू पाहणाऱ्याला ही खूण फार जाचते. उपचार संपल्यावर रंग उतरायला कित्येक महिने लागतात.