कोहळ्यांचे तलाव आणि भंडाऱ्याची भटकंती

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. येथे फिरायला येणाऱ्याला पाणी, पाणपक्षी आणि काठावरचे रान दिसते, आणि हे सारे निसर्गाचे देणे आहे असे वाटते. प्रत्यक्षात यातील बहुतेक जुने तलाव माणसांनी हाताने बांधलेले आहेत. या भागातील भात, मासळी, जत्रा आणि आजचे वनपर्यटन यांची मुळे याच बांधकामात आहेत.

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश झाडीपट्टीत मोडतो. पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांतच संपतो. पूर्व भागातील कठीण खडकात पाणी फारसे मुरत नाही. धानाला तर ऐन निसवणीच्या वेळी पाणी लागते. हस्ताच्या पावसाने दगा दिला की हाती आलेले पीक जाते, म्हणून उताराचे पाणी अडवणे ही येथील शेतीची पहिली गरज होती.

ती कोहळी समाजाने ओळखली. गोंड राजांपैकी एकाने काशीहून परतताना कोहळ्यांना सोबत आणले, अशी त्यांच्यातील परंपरागत कथा आहे. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी गोंड राजवटीची रीत सांगितली जाते. त्या उत्तेजनावर जंगलात गावे वसली आणि प्रत्येक गावाला आपला तलाव किंवा निदान एक बोडी मिळाली. यातील सर्वांत मोठे काम नवेगावबांधचे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बुजवून सुमारे 11 चौरस किलोमीटरचा जलाशय उभा केला. पुढे लोकांनी त्यांना कोलासूर देव मानले, आणि भोवतालच्या सात डोंगरांना त्यांच्या मदतीला आलेल्या सात बहिणी म्हटले. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून नवेगावबांध तिकडे मोजला जातो. त्याआधी तो भंडाऱ्याचाच होता.

या तलावांची रचना साधी आणि हुशारीची आहे. तीन बाजूंनी चढ, आणि उताराच्या बाजूला मातीची रुंद पाळ. पाळीच्या आतल्या अंगाला पाणी सोडण्याचे तुडुम. त्याला वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात आणि ती खुंट्यांनी बंद केलेली असतात. पाणी जसजसे खाली जाईल तसतशी खालची खुंटी काढायची, म्हणजे तलाव जवळजवळ रिता होईपर्यंत शेताला पाणी मिळते. जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुढच्या बोडीत जाते. एका गावाचा सांडवा हा अनेकदा दुसऱ्या गावाचा पुरवठा असतो.

येथील ताट या पाण्यानेच भरले. चिन्नोर हा भंडाऱ्याचा बारीक, सुवासिक तांदूळ. त्याला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकतात. धान कापल्यावर उरलेल्या ओलाव्यावर ती येते आणि तिच्या डाळीचे वडे घरोघरी होतात. तलावातील मासळीवर ढिवर समाजाचा उदरनिर्वाह चालत आला. मरळ, शिंगूर आणि झिंगे हे जुन्या तलावांचे धन. शिंगाड्याचे पीकही त्याच पाण्यात घेतात. पावसाळ्यात रानातून सात्या ही अळंबी आणि बांबूचे कोवळे वास्ते येतात.

रानाचे दुसरे देणे म्हणजे मोह. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. उजाडताच बायका-मुले टोपल्या घेऊन पोहोचतात आणि ऊन चढण्याआधी फुले वेचून घेतात. वाळलेली फुले वर्षभर टिकतात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न असत, त्यांचे लाडू होतात, आणि आंबवून गाळलेली दारू गोंडांच्या पूजेत व लग्नात लागते. इंग्रजी अमलात दारू गाळणे अबकारी उत्पन्नाचा विषय झाले आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. स्वातंत्र्यानंतरच्या दारूबंदी कायद्याने फुलांच्या साठ्यावर आणि वाहतुकीवरही निर्बंध आले. ते राज्य शासनाने 2021 मध्ये उठवले, त्यामुळे मोहफुलांच्या खाद्यपदार्थांना उघड बाजार मिळण्याची वाट मोकळी झाली.

धान घरात येण्याच्या सुमारास या भागाचा प्रवासाचा काळ सुरू होतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा गोवारी ढाल घेऊन वाजतगाजत येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकी जुळतात. रात्री दंडार हे लोकनाट्य होई, आता बहुधा नाटक होते. वडसा येथून निघणाऱ्या नाटक मंडळ्या रात्रभराचे प्रयोग करतात आणि लोक थंडीत चादरी गुंडाळून पहाटेपर्यंत बसतात.

बाहेरचा प्रवासी पूर्वी येथे आला तो मुख्यतः शिकारीसाठी. 1970 मध्ये नागझिरा अभयारण्य झाले, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली आणि 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले. 2013 मध्ये भंडारा शहराजवळचे कोका अभयारण्य घोषित झाले, आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही. आज कोक्याची सफारी, अंबागडाची चढण, पवनीचे घाट आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष, तसेच गोसीखुर्दच्या जलाशयातील नौकाविहार हे एकाच सहलीत बसतात.

मात्र या साऱ्याचा पाया असलेले तलाव दुबळे झाले आहेत. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पूर्व विदर्भातील हजारो तलाव शासनाकडे गेले. पाळीची डागडुजी ज्यांच्या अंगावर होती त्यांचा हक्क सुटला आणि जबाबदारीही सुटली. निस्ताराच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या वापराच्या, हक्काचे वाद झाले, गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपे माजली. रोहू, कतला यांचे बीज सोडण्यावर भर आल्याने देशी मासळी कमी झाली. काही गावांत ढिवरांच्या सहकारी संस्थांनी पाणवनस्पती पुन्हा लावून आणि गाळ काढून तलाव सावरायला सुरुवात केली आहे. भंडाऱ्याच्या पर्यटनाला हेच काम सर्वांत जवळचे आहे. तलाव भरला तर धान, मासळी आणि पाणपक्षी तिन्ही टिकतात, आणि पाहुण्याला दाखवायला व वाढायला गावाकडे स्वतःचे काही उरते.